पुतळक्काचं नाक

प्लास्टिकची कुठलीही वस्तू हातात आली की पुतळक्का आधी ती कानाशी धरून नखानं वाजवायची. मग तिच्यावर नख ओढून बघायची. मग कड वाकवायची आणि वाकलेल्या जागी पांढरी रेघ उठते का ते पाहायची. एवढ्यानं भागलं नाही तर कमरेच्या पिशवीतली कात्री काढून बारीक तुकडा कापायची, काडीनं पेटवायची, फुंकून विझवायची आणि धूर नाकाशी घ्यायची. मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर माल एका ढिगात, नाकात झोंबलं तर दुसऱ्या ढिगात. मला हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्माही तिला लागायचा नाही. आम्ही बघत उभ्या राहिलो की म्हणायची, "नाटक लागलंय का इथं? हात चालवा."

ती आठवायचं कारण एक क्रीमची डबी. माझ्या नातवाची बायको इथं बंगळुरातच एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा तिनं मला हौसेनं डबी दाखवली. "आजी, ही जुन्या प्लास्टिकपासून बनवलीय. म्हणून थोडी महाग आहे." डबीवर हिरवं पान छापलं होतं. मी ती नखानं वाजवली, झाकण काढून हुंगलं. ती हसायला लागली. "क्रीमचा वास बघा ना, झाकणाचा काय बघता?"

तीस वर्षांपूर्वी शहराबाहेर बोम्मसंद्र्यात आम्ही हेच काम करत होतो. तेव्हा ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आता त्याचं पान छापतात आणि वर जास्त पैसे घेतात. पुतळक्काला त्याचं काही वाटलं नसतं. तिनं पानाकडे बघितलंच नसतं.

शेड होती रंगनाथ सारांची; सार म्हणजे सर, आमचे मालक. पुढच्या भागात साचे आणि मशीनं, मागच्या भागात आम्ही आठ बायका. शहरातल्या गुजरीवाल्यांकडून, म्हणजे भंगारवाल्यांकडून, पोत्यांनी जुनं प्लास्टिक यायचं. ते निवडायचं, लेबलं खरवडायची, धुवायचं, वाळवायचं आणि चुऱ्याच्या मशीनकडे द्यायचं. चुऱ्याचा पुन्हा दाणा व्हायचा आणि दाण्याच्या डब्या, झाकणं, बादल्या. माझ्या नवऱ्याची मिल बंद पडली म्हणून मी तिथं लागले. नव्वदीची सुरुवात होती. बसवनगुडीहून दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं. पाठ मोडायची. त्या कामात आवडण्यासारखं काही नव्हतं आणि आवडायला आम्ही गेलोही नव्हतो.

पुतळक्काही बसवनगुडीचीच. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, अशी जी मराठी घरं आहेत त्यांतली ती एक, मी एक. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना जी आधी सापडेल ती. ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. उंच, हडकुळी, चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायची. लवकर विधवा झाली होती आणि भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायची. त्या घरात तिला कुणी छळत नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. ताट वाढलेलं असायचं, एवढंच. हे तिनंच मला एकदा सांगितलं, तेही माल धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं माप सांगावं तशा आवाजात.

शेडमध्ये ती झाडायला लागली होती. एकदा झाडताना तिनं सारांना सांगितलं की त्या कोपऱ्यातल्या पोत्याला रॉकेलचा वास येतोय, ते घेऊ नका. झाडणाऱ्या बाईचं कोण ऐकतो? सारांनी घेतलं. त्या पोत्याच्या मालाचे पाण्याचे ग्लास झाले, आणि त्यांतून जो पाणी प्यायला त्यानं ते थुंकलं. मग सार तिला हाक मारायला लागले. आधी कधीमधी, मग रोज. दोन वर्षांत असं झालं की ती "सरी" म्हणेपर्यंत मागच्या भागातला माल पुढे जायचा नाही. सरी म्हणजे ठीक. एवढा एक शब्द म्हणायला ती सारांना कधीकधी तासभर उभं करायची. इंजिनियर झालेला माणूस, स्वतःची कार असलेला, आणि झाडणाऱ्या बाईच्या एका शब्दासाठी ताटकळायचा. तिचं सगळं त्या एका शब्दात होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं.

तिची परीक्षा अशी होती. एक स्टीलचा डबा होता, तिच्या नवऱ्याचा, जेवणाचा. धुऊन वाळवलेल्या चुऱ्यातून दोन मुठी त्या डब्यात घालायच्या, झाकण घट्ट लावायचं आणि डबा उन्हात ठेवायचा. चहा होईपर्यंत. मग सावलीत आणून, झाकण एक बोट उघडून, नाक फटीला लावायचं आणि एकदाच ओढायचं. दुसऱ्यांदा नाही. "दुसऱ्यांदा नाक खोटं बोलतं," ती म्हणायची. थंड प्लास्टिक वास लपवतं, तापलं की सोडतं. धुण्यानं वरचं जातं, आत मुरलेलं जात नाही. शाळेत ती गेली नव्हती. मी निदान चौथीपर्यंत गेले होते, पण हे मला तिच्याकडून शिकावं लागलं.

ह्या नाकासाठी ती स्वतःही नियमानं राहायची. वासाचं तेल नाही, पावडर नाही, पान नाही, कांदा कामाच्या दिवशी नाही. आणि आम्हालाही नियम. बंगळुरात मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ केसांत न घालता बाई घराबाहेर पडत नाही, गरीबातली गरीब असली तरी वीतभर माळ असतेच. पुतळक्कानं शेडच्या दाराबाहेर भिंतीत स्वतःच्या हातानं खिळे ठोकले, एकीला एक. सकाळी आत येताना माळ काढून आपल्या खिळ्याला अडकवायची, संध्याकाळी जाताना सुकलेली पुन्हा घालायची. पहिल्या आठवड्यात आमच्यातली एक रडली. पुतळक्का तिला म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. रडून नाक बंद होतं." तिचा स्वतःचा खिळा नव्हता. विधवा होती, फुलं माळत नव्हती.

मग मुंबईच्या एका क्रीम कंपनीचं काम आलं. त्यांच्याकडून साठे नावाचे गृहस्थ आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट. शेडमध्ये शिरले आणि रुमाल नाकाला लावला. आम्हाला हिंदीत विचारलं, "ये सब ठीक से वॉश होता है ना?"

पुतळक्का मराठीत म्हणाली, "तीन वेळा. दोनदा कॉस्टिकात, एकदा साध्या पाण्यात. तुमचा रुमाल किती वेळा धुतात?"

साठ्यांनी रुमाल खाली घेतला. "अरे वा, तुम्ही मराठी? कुठच्या?"

"इथली."

"तसं नाही, मूळच्या कुठच्या?"

"मूळचीच इथली. तुम्ही?"

"आम्ही आता मुंबई. आधी पुणे."

"म्हणजे तुम्ही हललात. आम्ही नाही."

तीनशे वर्षांपूर्वी आपण हललो होतो हे तिनं सांगितलं नाही. साठे हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नमुन्याची डबी काढून तिच्या हातात दिली. "ॲक्च्युअली बाई, आतली ही वाटी नव्या प्लास्टिकची असणार. क्रीम फक्त हिलाच टच होणार. बाहेरचं कवच आणि झाकण तुमच्या मालाचं. आम्हाला कॉस्टिंगमध्ये बरं पडतं. फक्त एक, हे मार्केटमध्ये कळता कामा नये."

"का? चोरीचा माल आहे?"

"नाही हो. पण कचऱ्यातलं म्हटलं की लेडीज तोंडाला लावणार नाहीत."

पुतळक्कानं डबी वाजवली, नख ओढलं, झाकण वाकवलं. मग म्हणाली, "सांगून दिलं तर बाई बघून घेईल. हुंगून घेईल. नको तर घेणार नाही. तुम्ही न सांगता देणार. म्हणजे तिच्या वाटचं आम्ही हुंगायचं."

साठे सारांकडे बघायला लागले. सारांना मराठी कळत नव्हतं, त्यांनी इंग्रजीत विचारलं काय म्हणते. साठे म्हणाले, "शी सेज ओके." एवढं इंग्रजी आम्हालाही कळलं. पुतळक्का म्हणाली, "मी एवढं थोडं बोलले का?"

त्या कामावर शेड चालायला लागली. आठच्या आठ बायका कायमच्या झाल्या. पुतळक्का तेव्हापासून आणखी कडक झाली. बादल्यांच्या मालाला एक डबा लावायची, क्रीमच्या मालाला प्रत्येक पोत्याचा वेगळा डबा. सार वैतागायचे. एकदा गेटवर टेम्पो उभा, मुंबईहून फोनवर फोन, आणि हिनं अख्खा माल अडवला. फिनाइल येतंय म्हणाली. सार आले, डबा तिच्या हातातून घेऊन हुंगला. "अक्का, मला काही येत नाही."

"घरून तुमच्या मिसेसचं क्रीम आणा सार. ह्या चुऱ्यात ठेवू. उद्या त्यांना लावायला सांगा, आणि त्यांच्या शेजारी बसून जेवा."

सारांनी पुन्हा हुंगलं. काय आलं देव जाणे, माल बादल्यांकडे गेला. जाता जाता म्हणाले, "बादलीला चालतं का मग?"

"बादली कुणी गालाला लावत नाही," पुतळक्का म्हणाली.

अशी चार-पाच वर्षं गेली. सांगण्यासारखं त्यात काही नाही. हात कॉस्टिकनं फाटायचे, बसमध्ये बसायला मिळालं तर मान पडायची. पुतळक्का थकलेली दिसायची, पण आम्ही सगळ्याच दिसायचो, त्यामुळे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

एक दिवस मी माळ काढायला विसरले. सासू आजारी होती, सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं. डोक्यावरच्या पदराखाली केसांत ताजी मल्लिगे घेऊन तशीच आत गेले आणि पुतळक्काच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेबलं खरवडत बसले. ती काही बोलली नाही. जेवताना माझा हात केसांकडे गेला तेव्हा मला कळलं. मी गुपचूप उठून माळ खिळ्याला लावून आले. मनात म्हटलं, म्हातारी मऊ पडायला लागली. बरं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं मला डब्याजवळ बसवायला सुरुवात केली. "इंदू, ये गे. दोन नाकं बरी." झाकण एक बोट उघडून आधी माझ्या नाकाशी धरायची, मग स्वतःच्या. मी ओढत असताना माझ्याकडे बघत असायची. मला वाटलं, शिकवतेय. तिच्यानंतर मला बसवणार असेल. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. बाकीच्या सहा जणी माझ्याशी जरा तोडून वागायला लागल्या, त्याचंही बरं वाटलं. सहा-सात महिने असं चाललं. ती कधी मला विचारायची नाही की तुला काय आलं. आणि मीही आपणहून सांगायची नाही. हुंगायचं काम तिचं होतं. सांगायचंही तिचंच.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी मी दाढ काढून घेतली होती. डावा गाल फुगला होता, कानावरून हनुवटीखाली फडकं बांधलं होतं, ओठ धड हलत नव्हते. सुट्टी घ्यायला हवी होती, घेतली नाही. दुपारी मुंबईच्या झाकणांसाठी माल निघायचा होता. सार दारात उभे होते, मशीनवाला त्यांच्या मागे उभा होता. पुतळक्कानं उन्हातून डबा आणला, झाकण उघडलं, माझ्या नाकाशी धरलं.

मला वास आला. फार नाही. खाली, तळाशी, काहीतरी गोठ्यासारखं आणि कडू. पण नाक सुजलेलं, डोकं ठणकत होतं. मला वाटलं माझ्या तोंडातल्या औषधाचाच असेल.

पुतळक्कानं डबा स्वतःच्या नाकाशी नेला, ओढलं, आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हळू आवाजात म्हणाली, "इंदू, पुन्हा एकदा ठेवू या का उन्हात?"

इतक्या वर्षांत तिनं कधी कुणाला असं विचारलं नव्हतं. मला तिथंच कळायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

सार म्हणाले, "अक्का, स्वल्प लवकर."

ती आणखी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरी."

तिला सरी वाटलं म्हणजे सरी, असं मी स्वतःला सांगितलं. तिचं नाक माझ्यापेक्षा मोठं. मी कोण बोलणार? मी घरी गेले आणि पेज पिऊन झोपले.

दीड महिन्यानं साठे आले. ह्या वेळी शर्टाला घाम होता. सारांच्या टेबलावर त्यांनी चार डब्या ठेवल्या आणि एकेक झाकण उघडलं. सगळ्यांना बोलावलं होतं. गुलाबाच्या क्रीमच्या वासाखालून तोच वास. आता दाढेची सूज नव्हती, फडकं नव्हतं, काही शंका नव्हती. जनावरांच्या गोचिडांवर मारायचं औषध. कुणा गुजरीवाल्यानं औषधाचे पांढरे कॅन लेबल काढून पोत्यात घातले होते, आणि डबी बंद राहिली की झाकण आत वास सोडत होतं. साठे म्हणाले, "दुकानदारांनी परत पाठवल्या. बायका म्हणतात क्रीम सडलंय. माझी नोकरी जाईल हो."

सारांनी आमच्याकडे बघितलं. "हा माल कुणी पास केला?"

कुणी केला हे त्यांना माहीत होतं, ते स्वतः दारात उभे होते. तरी विचारलं.

पुतळक्का म्हणाली, "मी."

"तुला वास आला नाही?"

"मला कुठलाच येत नाही. नाक गेलंय."

सार म्हणाले, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. एकदम गेलं नाही. रोज थोडं गेलं. कॉस्टिकची वाफ, ते जाळलेले तुकडे. शेवटी काय गेलं ते कळलं नाही."

"मग वर्षभर पास कसा करत होतीस?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. "अंदाजानं," ती म्हणाली.

मी तिथं उभी होते. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

सार ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अक्का, मला सांगायचं होतंस." ती म्हणाली, "सांगितलं असतं तर पुन्हा झाडायला लावलं असतं." सारांनी नाही म्हटलं नाही. ती आत गेली, कमरेची पिशवी सोडून आतली कात्री टेबलावर ठेवली, आणि निघाली. डबा तिथंच राहिला.

मी तिच्या मागे गेले. होसूर रोडवर बसथांब्याला आम्ही दोघीच होतो. ट्रकमागून ट्रक जात होते, धूळ तोंडावर येत होती. तिनं पदर नाकाला लावला, मग काढला; काय उपयोग म्हणून, की सवयीनं लावला होता हे आठवून, मला माहीत नाही.

"तुझं तोंड बघत होते मी," ती म्हणाली. "तुझं तोंड काही लपवत नाही. वाईट आलं की डावी नाकपुडी वर जाते आणि ओठ मुडपतो. तुला माहीत नाही. तुझ्या नवऱ्याला माहीत असेल."

माझा हात गालाकडे गेला.

"त्या दिवशी फडकं होतं. गाल सुजलेला. मला काही दिसेना." मग विचारलं, "आला होता का तुला?"

"आला होता."

"मग?"

"मला वाटलं तुम्हालाही आला असेल. तुम्ही सरी म्हणालात."

"मी तुझ्या तोंडावर विसंबून म्हणाले."

"आणि मी तुमच्या शब्दावर."

ती रस्त्याकडे वळली. "मूर्ख बाया," म्हणाली. एकीला की दोघींना, ते सांगितलं नाही. बस आली. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि मला हातानं खूण केली की इथं येऊ नकोस, परत जा, काम आहे तुला. मी परत गेले.

कंपनीनं बाहेरचं कवच नव्या दाण्याचं करायला घेतलं. आमच्याकडे फक्त झाकणं राहिली, त्यांनाही आतून नव्या प्लास्टिकची चकती बसायला लागली. सात जणींपैकी चौघी घरी गेल्या. मी राहिले. मीच राहणार होते, कारण सारांनी मला डब्यावर बसवलं. आता कुणाला माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटो. पुतळक्कानं चूक केली. नाक गेलं त्या दिवशी तिनं सांगायला हवं होतं, चार घरांच्या चुली तिच्या एका शब्दावर होत्या. मी जे केलं तेही काही बरं नव्हतं. दोन्ही खरं आहे. मी डब्यावर बसले आणि जे आलं ते तोंडानं सांगायला शिकले. खिळ्यांचा नियम चालू ठेवला. चार खिळे रिकामे राहिले, ते कुणी काढले नाहीत.

तिच्या घरी मी पाच-सहा वर्षं गेले नाही. तसं चालत दहा मिनिटांवर होतं. बाजारात एकदोनदा लांबून दिसली, मी दुसऱ्या गल्लीतून गेले.

मग माझे गुडघे बोलायला लागले आणि मी काम सोडलं. सोडताना सारांना विचारून तो डबा घेतला. तिच्या नवऱ्याचा होता, तिला द्यायला हवा, एवढंच निमित्त होतं. दुपारी गेले. मागच्या खोलीत ती खिडकीजवळ खाटेवर बसली होती. आणखी वाळली होती. मला बघून म्हणाली, "गुडघे गेले ना? चालण्यावरून कळलं." डबा हातात घेतला, बुडावरचं नवऱ्याचं नाव बोटानं चाचपलं, आणि शेजारी ठेवला. आभार वगैरे काही नाही.

तिच्या भाच्याच्या बायकोनं कॉफी आणली. पुतळक्का तिला म्हणाली, "तुझी क्रीमची डबी आण गे."

"आता? कशाला आत्या?"

"खात नाही मी. आण."

तिनं आणली. त्याच मुंबईच्या कंपनीची होती. पुतळक्कानं झाकण काढलं, वाजवलं, कड वाकवली, उलटं करून आतल्या कडेवर बोट फिरवलं. आमच्या साच्याला तिथं एक ओरखडा होता, प्रत्येक झाकणावर उठायचा. तिला तो बोटाला लागला. "तुझा माल," ती म्हणाली.

"माझाच असणार."

तिनं क्रीम बाजूला ठेवलं. झाकण पदरानं पुसलं, स्टीलच्या डब्यात टाकलं, डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा खिडकीत उन्हात ठेवला. आम्ही कॉफी प्यालो. तिनं सारांची विचारपूस केली नाही, घरी गेलेल्या चौघींची केली, एकेकीचं नाव घेऊन. मला दोघींचंच ठाऊक होतं. तेवढं सांगितलं. ऊन खिडकीतून अर्धं खाली उतरलं तेव्हा तिनं डबा मांडीवर घेतला, एक बोट उघडला आणि माझ्या नाकाशी धरला.

मी एकदाच ओढलं. गुलाब होता, तोही फिका. त्याखाली काही नव्हतं. मी पुन्हा मनातल्या मनात शोधलं, काही नव्हतं.

"नाही अक्का," मी म्हणाले, "काही येत..."

"बोलू नको," ती म्हणाली. "तोंड बघू दे."

मी तोंड तिच्याकडे केलं. खिडकीचं ऊन माझ्या तोंडावर येत होतं. डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत राहिली, डाव्या गालाकडे, ओठांकडे, पुन्हा गालाकडे. भाच्याची बायको दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, ह्या दोघींना काय झालंय.

मग पुतळक्का म्हणाली, "सरी." आणि डबा बंद केला.